मराठी शाळेतून इंग्रजीकडे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी पाठ्यपुस्तक वापरायची रीत

सीमाभागात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकणारी मुलं, नुकतीच पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) गेलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कारखान्यांत कामाला लागल्यावर इंग्रजीशी गाठ पडलेले तरुण, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, मग बेळगावात पीयूसी सायन्सला आले. आता संध्याकाळी घराजवळच्या मुलांना आणि काही मोठ्या माणसांनाही इंग्रजी शिकवते. सगळ्यांची अडचण साधारण सारखीच असते. पुस्तक हातात असतं, पण त्याचं करायचं काय, हे कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे दहावीनंतर मराठी माध्यम संपतं. पीयूसीला कन्नड नाहीतर इंग्रजी. सायन्सचे वर्ग तर इंग्रजीतच चालतात. दहावीपर्यंत सहा विषयांतला एक असलेली भाषा पुढच्या वर्गात एकदम भौतिकशास्त्राची, जीवशास्त्राची आणि गणिताची भाषा होते. गणितात नव्वदच्या वर गुण मिळवून आलेली पोरं पहिल्याच महिन्यात "मला जमणार नाही" म्हणतात, ती बहुतेक वेळा यामुळेच.

आता आपलं कन्नड बघा. खडेबाजारात, बसमध्ये, तलाठ्याकडे, शेजारच्या अंगणात ते कानावर पडत राहिलं. पुस्तकातलं कन्नड कच्चं असलेली माणसंसुद्धा बाजारात अडत नाहीत. इंग्रजीचं तसं होत नाही. बेळगावात इंग्रजी पाट्या भरपूर आहेत, पण इंग्रजीत भाजी घेणारं, भांडणारं, गप्पा मारणारं माणूस रोज भेटत नाही. त्यामुळे नीट रचलेली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी, एकमेकांना धरून असलेली इंग्रजी वाक्यं आपल्या घरात येतात ती पाठ्यपुस्तकातूनच. शहरातल्या कॉन्व्हेंटमधल्या मुलाला हे पुस्तक बाजूला ठेवून चालेल. त्याच्या आसपास इंग्रजी आहे. आपल्याला ते चालणार नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: एकच पुस्तक घ्या, पण ते पूर्ण पिळून काढा.

लागणारं साहित्य

- तुमच्या पातळीचं इंग्रजीचं एक पाठ्यपुस्तक (पातळी कशी ठरवायची ते पहिल्या पायरीत आहे)
- विज्ञानाचं पाठ्यपुस्तक, एकाच इयत्तेचं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांतलं
- दोनशे पानी वही, पेन्सिल आणि खोडरबर
- इंग्रजी-मराठी शब्दकोश, छापील असला तर उत्तम
- आवाज रेकॉर्ड होईल असा कोणताही फोन
- शिकणारा एक जोडीदार. भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल

पुस्तकं विकत घ्यावीच लागतात असं नाही. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत, मराठी माध्यमाचीसुद्धा. पुण्याच्या बालभारतीची पुस्तकंही अशीच मोफत उतरवून घेता येतात. दिल्लीच्या एनसीईआरटीचीही. फोनवर वाचून डोळे दुखत असतील, तर लागणारे तेवढेच पाठ झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. वाचनालयाचा रस्ता ज्यांनी अजून धरला नाही, त्यांनी गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय एकदा बघून यावं. सभासद होताना वाचनालयांत साधारणपणे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम मागतात. जायच्या आधी एकदा विचारून घ्या.

१. तुमचं पुस्तक कोणतं, हे आधी ठरवा

कर्नाटकात इंग्रजीचं पुस्तक प्रत्येक इयत्तेला एकच नसतं. इंग्रजी प्रथम भाषा असलेल्यांचं वेगळं, द्वितीय भाषेचं वेगळं, तृतीय भाषेचं वेगळं. मुखपृष्ठं साधारण सारखी दिसतात, त्यामुळे पीडीएफ उतरवताना हमखास गोंधळ होतो. मराठी शाळेतल्या मुलानं चुकून प्रथम भाषेचं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर तो खचतो आणि खापर मात्र स्वतःच्या डोक्यावर फोडतो. आपल्या शाळेत इंग्रजी कितवी भाषा आहे ते वर्गशिक्षकांना विचारा आणि मुखपृष्ठावर तेच लिहिलेलं आहे ना, ते बघा. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषा १२५ गुणांची, बाकीच्या दोन्ही शंभर-शंभरच्या. गुणांचा हा फरक पुस्तकाच्या काठिण्यातही दिसतो.

चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडून बेळगावला, निपाणीला राहायला आलेल्या घरांसाठी एक गोष्ट. बालभारतीचं सातवीचं पुस्तक आणि कर्नाटकाचं सातवीचं पुस्तक एकमेकांशी पाठाला पाठ जुळत नाहीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, कर्नाटकात सरकारी शाळांत ते २००७-०८ पासून आलं. दोन्हीकडे पुस्तकं पुढे बदलत गेली. मूल बदलून आलं, तर जुनं पुस्तक टाकून देऊ नका. नव्या शाळेचं पुस्तक वर्गासाठी, जुनं घरच्या वाचनासाठी.

आता पातळी. पुस्तक मधूनच उघडा आणि एका परिच्छेदातले शंभर शब्द मोजा. त्यात न समजणारे शब्द पाचाहून जास्त निघाले, तर ते पुस्तक एकट्यानं वाचण्यासाठी अजून जड आहे. दोन इयत्ता खाली उतरा. तिथेही तसंच झालं, तर आणखी दोन. दहावीच्या मुलानं सहावीचं पुस्तक घेऊन बसण्यात कमीपणा काही नाही. वर्गात दहावीचं चालूच राहील, घरी सहावीचं करा. एका सुट्टीत सहावी-सातवी नीट होतात, आणि मग दहावीचा पाठ आपोआप हलका वाटायला लागतो. मोठ्या माणसांनी तर पाचवीपासूनच सुरुवात करावी, असं मी सांगते. त्यातली चित्रं लहान मुलांची असतात, वाक्यं मात्र रोजच्या बोलण्यातली असतात.

२. गाईड कपाटात ठेवा

गाईडमध्ये पाठाचं मराठी भाषांतर असतं, शब्दार्थ असतात, प्रश्नांची तयार उत्तरं असतात. म्हणजे जे काम तुमच्या डोक्यानं करायचं, ते सगळं गाईड करून देतं. शिकण्याची जागा नेमकी तीच असते. तयार उत्तर पाठ केलेल्या मुलाला प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो अडतो, कारण त्याला उत्तर येत असतं, प्रश्न कळलेला नसतो. गाईड फेकून द्या असं मी म्हणत नाही. आधी स्वतः उत्तर लिहा, मग गाईड उघडून पडताळा. क्रम एवढाच उलटा करा.

३. एक पाठ, पूर्ण आठवडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर सांगते. रोज पाऊण तास धरा.

पहिल्या दिवशी फक्त वाचायचं, तेही मोठ्यानं. शब्दकोश बंद ठेवायचा. चित्र बघा, शीर्षक बघा, कोणाची गोष्ट आहे, कुठे घडते, शेवटी काय होतं, एवढं मराठीत दोन ओळीत लिहा. चुकलं तरी चालेल, उद्या दुरुस्त होईल. पाठाच्या सुरुवातीला "विचार करा, बोला" अशा धर्तीचे दोन-तीन प्रश्न असतात, ते सोडू नका. पाठात काय येणार आहे, याचा अंदाज तिथूनच येतो.

दुसऱ्या दिवशी शब्द. प्रत्येक अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा, पण शब्दकोशात बघायचे फक्त ते शब्द, ज्यांच्यावाचून वाक्य उलगडत नाही. बाकीचे मागच्यापुढच्यावरून कळतात का, बघा. वहीत शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहू नका. पाठातलं अख्खं वाक्य उतरवा, शब्दाखाली रेघ मारा आणि त्याखाली तुमच्या घरातलं, गावातलं एक वाक्य त्याच शब्दाचं करून लिहा. सुटे शब्द चार दिवसांत पुसले जातात. वाक्यातला शब्द राहतो, आणि तो कुठे बसतो हेही सोबत लक्षात राहतं.

इथे एक सापळा आहे आणि आमच्याकडची जवळजवळ सगळी मुलं त्यात सापडतात. प्रत्येक इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चार लिहायचा. एकदा देवनागरी लिहिली की डोळे फक्त तीच वाचतात, खालची रोमन अक्षरं कोणी बघतसुद्धा नाही. वर्षभर इंग्रजी वाचल्याचा भास होतो आणि परीक्षेत नुसती रोमन ओळ समोर आली की तोंड उघडत नाही. उच्चार लिहायचाच असेल तर फक्त नव्या शब्दाचा, समासात, पेन्सिलीनं. आठवड्याअखेर खोडून टाका.

तिसऱ्या दिवशी माझं सगळ्यात आवडतं काम. पाठातल्या तीन ओळी वाचा, पुस्तक पालथं घाला आणि आठवून त्या वहीत लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेननं स्वतःच तपासा. कुठे 'द' राहिला, कुठे 'एस' राहिला, कुठे 'इन'च्या जागी 'ऑन' पडला, सगळं समोर दिसतं. शिक्षक लागत नाही, शिकवणी लागत नाही. पुस्तकच उत्तरपत्रिका होते. दिवसाला अशा बारा-पंधरा ओळी पुरे.

चौथ्या दिवशी एक परिच्छेद मराठीत भाषांतर करून ठेवा. छान मराठी करा, शब्दाला शब्द नको. सहाव्या दिवशी पुस्तक न बघता तेच मराठी परत इंग्रजीत आणा आणि मूळ पाठाशी ताडून बघा. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर असंच इंग्रजी शिकून कचेऱ्यांमध्ये नोकऱ्या केल्या. भाषांतरावर हल्ली बरीच टीका होते, आणि नुसतं भाषांतर करून बोलता येत नाही हे खरंच आहे. पण जाऊन परत येण्याचा हा रियाज वाक्याची घडण हातात बसवतो, तसं दुसऱ्या कशानं बसताना मी पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी स्वाध्याय. सगळे करा, परीक्षेला न येणारेसुद्धा. जोडीदाराशी बोला, ऐका आणि सांगा, गटात चर्चा करा असे भाग शाळेत वेळेअभावी सुटतात. एसएसएलसीला लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं असल्यानं सगळा जोर लिहिण्यावर जातो. पण पुस्तकात बोलण्याची जागा आहे ती तेवढीच. जोडीदाराला समोर बसवा आणि ते संवाद म्हणा. पहिल्यांदा बघून, दुसऱ्यांदा न बघता, तिसऱ्यांदा नावं आणि जागा बदलून. पुस्तकातलं स्टेशन काढून बेळगाव स्टेशन घाला, पुस्तकातला दुकानदार काढून तुमच्या गल्लीतला किराणावाला घाला.

सातव्या दिवशी अख्खा पाठ पाच-सहा वाक्यांत तोंडानं सांगायचा आणि फोनवर रेकॉर्ड करायचा. ऐकताना चुका शोधत बसू नका, अडखळलात कुठे ते बघा. जिथे अडखळलात तिथलं वाक्य पुस्तकात शोधा आणि परत एकदा सांगा.

एका सत्रात असे सहा-सात पाठ झाले तरी पुष्कळ आहेत. शाळेत पोर्शन पुढे पळत असेल तर पळू द्या.

४. आपलं वाक्य आणि इंग्रजी वाक्य: कुठे वळण बदलतं

व्याकरणाचं वेगळं जाडजूड पुस्तक पहिल्या वर्षी नको. पाठ्यपुस्तकात प्रत्येक पाठामागे व्याकरणाचा एक मुद्दा असतो, तो त्याच पाठातल्या वाक्यांवर रचलेला असतो. तेवढा केला तरी भागतं. पण पुस्तक बंगळुरूला सगळ्या राज्यासाठी तयार होतं, मराठी मुलाचं पाऊल नेमकं कुठे घसरतं ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून ते इथे सांगते.

आपण सीमेवरचे लोक दोन भाषा बोलतो आणि वाक्यरचनेत त्या सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. मराठीत "मी काल खानापूरला गेलो", कन्नडात "नानु निन्ने खानापूरक्के होदे". दोन्हीकडे क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं: "आय वेंट टू खानापूर येस्टरडे". मराठीतला '-ला' आणि कन्नडातला '-क्के' गावाच्या नावामागे लागतो, इंग्रजीतला 'टू' पुढे. "मला दोन भाऊ आहेत" ही रचनाही कन्नडात तशीच, "ननगे" म्हणजे "मला" म्हणूनच सुरुवात होते. इंग्रजीत मात्र "आय हॅव टू ब्रदर्स", म्हणजे मी भावांचा धनी. दोन भाषा एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे आपली सवय दुप्पट पक्की असते. हे एकदा लक्षात आलं की चुका कुठून येतात ते कळतं आणि मनावरचं ओझं उतरतं.

पाठ वाचताना या पाच ठिकाणी पेन्सिलीनं खूण करत चला:

- 'ए', 'ॲन', 'द'. मराठीत नाहीत, कन्नडातही नाहीत. नियम पाठ करण्यापेक्षा एका पानावरचे सगळे गोल करा आणि "इथे का आला असेल?" असं जोडीदाराला विचारा. पहिल्यांदा येणाऱ्या वस्तूला 'ए', तीच परत आली की 'द', एवढं तरी पहिल्या महिन्यात दिसायला लागतं.
- प्रश्नातला 'डू', 'डझ', 'डिड'. आपण नुसता सूर चढवून "तू जेवलास?" विचारतो. इंग्रजीत "डिड यू ईट?". 'डिड' आला की भूतकाळ त्यानं घेतला, पुढे 'एट' होत नाही.
- 'शी', 'ही', 'इट'च्या क्रियापदाला लागणारा 'एस'. लिहिताना दहातले सात जण तो विसरतात.
- 'नो', 'हॅव', 'अंडरस्टँड' यांना 'आयएनजी' लावायची सवय. "मला माहीत आहे" म्हणजे "आय नो", तिथे 'ॲम' आणि 'नोइंग' येत नाही.
- 'व'चे दोन उच्चार. आपला 'व' एकच, इंग्रजीचे दोन. 'व्हॅन'चा 'व' वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, 'वॉटर'चा 'व' दोन्ही ओठ गोल करून. आरशासमोर दहा मिनिटं करा.

उच्चाराबद्दल आणखी थोडं. इंग्रजी शब्दात एकाच अवयवावर (शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर पडतो आणि तो जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर. शब्दकोशात उच्चाराजवळ एक छोटी खूण असते, ती जोराचीच. नवा शब्द उतरवताना ती खूणही उतरवून घ्या.

५. पीयूसीच्या आधी विज्ञानाचं पुस्तक जोडीनं वाचा

सायन्सला जायचं ठरवलेल्या मुलांसाठी ही पायरी लिहिते आहे आणि ती करायची वेळ आहे दहावीची परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी.

कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटी विज्ञान आणि गणिताचं एकच पुस्तक वेगवेगळ्या माध्यमांत काढते. प्रकरणं तीच, आकृत्या त्याच, उदाहरणं तीच, फक्त भाषा वेगळी. म्हणजे तुम्ही मराठीत वर्षभर शिकलेलं आणि तुम्हाला पूर्ण समजलेलं प्रकरण इंग्रजीत जसंच्या तसं मोफत मिळतं. भाषा शिकायला याहून चांगलं साहित्य माझ्या माहितीत नाही. विषय नवा नसल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

करायचं असं. मराठी पुस्तक डावीकडे, इंग्रजी उजवीकडे. एक परिच्छेद मराठीत वाचा, लगेच तोच इंग्रजीत. आकृतीवरची नावं आधी जुळवा, कारण ती सगळ्यात सोपी असतात. परावर्तन म्हणजे रिफ्लेक्शन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, वस्तुमान म्हणजे मास, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. अशा जोड्यांची यादी प्रत्येक प्रकरणामागे वहीत करा. महिन्याभरात दोनशेच्या आसपास संज्ञा होतात आणि पीयूसीच्या पहिल्या वर्गात फळ्यावर येणारे निम्मे शब्द ओळखीचे निघतात.

संज्ञांवर थांबू नका. पोरं खरी अडतात ती संज्ञांना जोडणाऱ्या साध्या शब्दांवर. 'देअरफोर', 'हेन्स', 'व्हेअरॲज', 'ड्यू टू', 'ॲज अ रिझल्ट', 'प्रोव्हायडेड दॅट', 'रिस्पेक्टिव्हली'. सिद्धांत सांगणारं वाक्य यांच्यावर तोललेलं असतं. हे कोणत्याही शब्दार्थाच्या यादीत नसतात, म्हणून त्यांचं एक वेगळं पान करा आणि प्रत्येकासमोर विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य लिहा. 'रिस्पेक्टिव्हली' न कळल्यामुळे गणित चुकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना गणित येत होतं.

कर्नाटकात पीयूसी सायन्सला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. त्यांची इंग्रजी दाट आहे, वाक्यं लांब आहेत. पहिल्या प्रकरणावर हबकू नका. लांब वाक्यात आधी कर्ता आणि क्रियापद शोधा, त्यांना चौकट करा, बाकीचा मजकूर नंतर जोडा. वर्गात जायच्या आदल्या दिवशी त्या तासाची दोन पानं अशी चौकटी करून वाचून गेलात, तर शिकवणाऱ्यांचं बोलणं पकडता येतं.

नर्सिंग, डिप्लोमा, आयटीआयला जाणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते. आयटीआयवाल्यांनी गणित आणि मोजमापाच्या प्रकरणांवर भर द्यावा.

६. पुस्तकात नाही ते गावातून घ्या

आपल्या राज्यात आणि शेजारच्या तामिळनाडूत झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळुरू, मद्रास, कडलूर अशा ठिकाणच्या शाळांत मुलांना व्याकरणाचे धडे न देता कामं देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं. रेल्वेचं वेळापत्रक बघून प्रश्न सोडवायचे, नकाशावरून रस्ता काढायचा, असली कामं. इंग्रजी शिकवण्याच्या जगात तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यामागचा विचार असा, की मन अर्थात गुंतलेलं असतं तेव्हा भाषा आत जाते.

पाठ्यपुस्तक सोडून द्यावं असा अर्थ मी त्यातून काढत नाही. आपल्याकडे त्या मुलांसारखा वर्ग आणि तसे शिक्षक रोज मिळणार नाहीत. पण आठवड्यातून एकदा असं एक काम घरी सहज करता येतं. बेळगाव स्टेशनवरून मिरजेकडे आणि लोंढ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंग्रजी वेळापत्रक फोनवर उघडा आणि जोडीदाराला इंग्रजीत विचारा: सकाळी दहाच्या आत मिरजेला कोणत्या गाडीनं पोचता येईल? रविवारी नसलेली गाडी कोणती? औषधाच्या पट्टीमागचा मजकूर, कुकरसोबत आलेली सूचनापत्रिका, बँकेचा भरणा फॉर्म, सगळं चालतं. पुस्तकात या आठवड्यात जे व्याकरण आलं, ते त्यात कुठे दिसतं का, बघा.

ऐकण्यासाठी बालभारतीच्या आणि इतर अनेक पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा ॲपनं ते स्कॅन केले की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडतं. ज्या पाठाचा आवाज मिळेल तो आधी ऐका, मग आवाजाच्या सोबत वाचा, शेवटी आवाज बंद करून एकट्यानं वाचा. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्याही चांगल्या, पण त्या सहा महिन्यांनंतर. सुरुवातीला त्यांचा वेग झेपत नाही आणि उगाच धीर सुटतो.

७. परीक्षा जवळ आली की

कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. द्वितीय भाषेच्या पेपरात न पाहिलेला उतारा, मुद्द्यांवरून व्यक्तिपरिचय, मुद्द्यांवरून गोष्ट, चित्रवर्णन, पत्र असे प्रश्न येतात. हे पाठांतरानं सुटत नाहीत. सातव्या दिवशी तोंडानं पाठ सांगायची सवय झालेल्या मुलांना ते सोपे जातात. शेवटचे दोन महिने आठवड्याला एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, बाकी दिवस नेहमीचं काम चालू ठेवा.

८. घरच्यांसाठी आणि कामावर जाणाऱ्यांसाठी

"आम्हालाच इंग्रजी येत नाही, पोरांना काय शिकवणार हो?" असं कितीतरी आया विचारतात. शिकवावं लागत नाही. मुलाला समोर बसवून पाठ मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग "आता मला मराठीत सांग, काय झालं त्यात" असं विचारा. मध्येच त्याला थांबवून "हे असं का झालं?" विचारा. उत्तर देताना मूल पुस्तकात परत जातं, आणि ते परत जाणंच कामाचं असतं. तिसऱ्या दिवशीच्या तीन ओळी लिहिताना पुस्तक पालथं आहे ना, एवढं बघायलाही इंग्रजी लागत नाही. मुलाच्या वहीतल्या लाल खुणा बघून रागावू नका. त्या त्यानंच केलेल्या आहेत, म्हणजे त्याला चूक दिसते आहे.

फाउंड्रीत, सीएनसीवर किंवा दुकानात कामाला असलेल्यांना रोज पाऊण तास मिळत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी पाचवी-सहावीच्या पुस्तकातले फक्त संवाद आणि छोटे उतारे घ्यावेत, रोज वीस मिनिटं. सोबत कामावरचे शब्द कामावरूनच गोळा करावेत. ड्रॉइंगवरच्या सूचना, तपासणीच्या तक्त्यातले रकाने, मशीनवरच्या इशाऱ्याच्या पाट्या. त्यातल्या प्रत्येक शब्दाचं एक पूर्ण वाक्य करायचं, पुस्तकातल्या वाक्याच्या साच्यावर बेतून. पुस्तकात "द बॉय इज ओपनिंग द डोअर" असेल, तर वहीत "द ऑपरेटर इज चेकिंग द जॉब". मुलाखतीला जायचं असेल तर स्वतःबद्दलची दहा वाक्यं अशाच साच्यांवर तयार करून जोडीदाराला रोज सांगा, दर वेळी एखादं वाक्य बदलून.

क्लासला जावं का, हेही पुष्कळ जण विचारतात. जायला हरकत नाही. पण फी भरायच्या आधी एक तास बसू द्या म्हणा आणि त्या तासात शिकणाऱ्यांनी किती वेळ तोंड उघडलं ते मोजा. सगळा तास एकटे सरच बोलत असतील, तर ते पैसे वाचवा आणि पुस्तक घेऊन जोडीदारासोबत बसा.

एक पुस्तक असं पूर्ण झालं की वरच्या इयत्तेचं घ्या. आठवीचं पुस्तक शब्दकोशाशिवाय वाचता यायला लागलं, की पाठ्यपुस्तकासोबत गोष्टींचं एखादं सोपं इंग्रजी पुस्तक वाचनालयातून आणा. त्यावर स्वाध्याय करू नका, वहीही नको, नुसतं वाचा. पाठ्यपुस्तकाचा आठवडा मात्र मोडू नका. दहावीच्या पातळीचे पाठ सलग तीन आठवडे, तिसऱ्या दिवशीच्या लिखाणात एका पानावर चार-पाचच लाल खुणा येऊन, पार पडले की मग घरी पाठ्यपुस्तक घेऊन बसायची गरज राहत नाही. तेव्हा ते खालच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला द्या, पेन्सिलीच्या खुणा खोडून.